गॅसवर भाजलेलं भरीत आतून कच्चं राहतंय, धुराची चवही येत नाही. काय चुकतंय?

मोहोळची_लेक
नमस्कार मंडळी. चंपाषष्ठी आठ दिवसांवर आलीय. आमच्याकडं चातुर्मासात वांगं बंद असतं आणि खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवूनच ते परत सुरू होतं. यंदा आई (वय ७४) गावाकडनं आमच्याकडं जुळे सोलापूरला राहायला आलीय, त्यामुळं नैवेद्य पहिल्यांदाच फ्लॅटमधे होणार. सराव म्हणून रविवारी मुलांसाठी भरीत करून बघितलं. लक्ष्मी मंडईतनं दोन मोठी वांगी आणली, दोन्ही मिळून ९०० ग्रॅम भरली, तेल लावून गॅसवर ठेवली. आठ मिनिटांत साल काळीकुट्ट झाली म्हणून उतरवली तर देठाकडं आत पांढरं, कापसासारखं. मग ते कढईत झाकण ठेवून शिजवलं आणि त्याला पाणीच पाणी सुटलं. सालीचे काळे कण सगळीकडं. आईचा नेम माझ्याकडं आल्यावर जरा सैल झालाय, तिनं एक घास खाल्ला, काही बोलली नाही, ताट थोडं पुढं सरकवलं आणि भाकरीबरोबर शेंगाची चटणी घेतली.

गावाकडं ती चुलीत धसकटं घालायची आणि भाकऱ्या झाल्या की उरलेल्या आरात वांगी सारून द्यायची. ती चव मला गॅसवर आणायचीय. पूर्ण नाही आली तरी जवळपास यावी. कुणी नीट सांगेल का?

तुराटी
आच मोठी होती ना? तिथंच बिघडलं बघा.

मोहोळची_लेक
हो, फुल्ल होती. मोठ्या बर्नरवर. मला वाटलं जाळ जास्त तर धूर जास्त.

मंडईतला_रोजचा
ताई, तुमचं अर्धं काम मंडईतच ठरलेलं असतंय. मी रोज सकाळी लक्ष्मी मंडईत असतो म्हणून सांगतो. भरताचं वांगं हातात घेतलं की आकाराच्या मानानं हलकं लागलं पाहिजे. जड लागलं म्हणजे बिया भरल्यात, आणि बिया भरल्या की कडवट लागतंय, भाजून पण गर होत नाही, नुसता चोथा निघतो. देठ हिरवागार आणि ताठ पाहिजे, तपकिरी सुकलेला नको. साल ताणलेली, चकचकीत. अंगठ्यानं दाबलं की खड्डा लगेच भरून आला पाहिजे.

आणि टाचणीएवढं भोक दिसलं तरी ते वांगं बाजूला ठेवा, आत अळी असतीय. वरनं भोक दिसलं नाही तरी भाजायच्या आधी सुरीनं दोन उभ्या चिरा देऊन आत बघून घ्या. आमच्या घरात एकदा न बघता भाजलं होतं आणि पाहुण्यांच्या ताटात अळी निघाली. तेव्हापासनं आमच्याकडं चिरा दिल्याशिवाय वांगं गॅसवर चढत नाही.

दोन मोठी घेण्यापेक्षा ३००-३५० ग्रॅमची तीन घ्या. आतपर्यंत नीट भाजली जातात.

का_बे_सोलापूर
मी पुण्यात रूमवर, इंडक्शन हाय फक्त. माझं काय बे? वांग्याला लायटर लावू काय 😄

शेगडीवाली_काकू
@का_बे_सोलापूर, थांब बाळा, तुझंही सांगते, आधी ताईंचं.

वांगं आतून स्पंजासारखं असतं, सगळी हवाच भरलेली. त्यामुळं बाहेरची ऊब आत पोचायला वेळ लागतो. मोठ्या जाळावर साल जळून जाते पण आत काही कळतच नाही. चुलीतल्या आराची ऊब कशी, सगळीकडनं सारखी आणि दमानं येती. गॅसवर आपल्याला तोच दम आणायचा.

मी करते ते सांगते. लहान बर्नर घ्यायचा, त्यावर पापड भाजायची जाळी. आच मध्यमपेक्षा थोडी कमी. पहिल्यांदा वांग्याचा जाड बुडखा जाळावर, मग आडवं करून दर दोन मिनिटांनी पाव फेरा. ३००-३५० ग्रॅमच्या वांग्याला १५ ते १८ मिनिटं लागतात, घाई करू नका. शेवटची चार मिनिटं देठाकडची बाजू, चिमट्यानं उभं धरून. ताई, तुमचं कच्चं राहिलं ते नेमकं इथंच, कारण देठाजवळचा भाग सगळ्यात घट्ट असतो आणि आडवं ठेवलं की तो जाळाच्या बाहेर राहतो. सुरीचं टोक देठाजवळ घालून बघा, लोण्यात गेल्यासारखं गेलं पाहिजे. जरा जरी अडलं तरी अजून दोन मिनिटं. वांगं पूर्ण बसलं, सुरकुतलं, चिरेतनं रस बुडबुडायला लागला की झालं.

आता महत्त्वाचं. उतरवल्यावर लगेच सोलायचं नाही. पातेल्यात घालून वर घट्ट झाकण, दहा मिनिटं. आतल्या वाफेनं साल आपोआप सुटते आणि जळक्या सालीचा वास गरात मुरतो. तुम्हाला हवी ती धुराची चव बरीचशी इथंच येती. सोलताना नळाखाली धरू नका हो, सगळी चव मोरीत जाते. वाटीत पाणी घेऊन बोटं बुडवत बुडवत सोला, काळे कण बोटाला चिकटून येतात.

सोललेला गर चाळणीत पंधरा मिनिटं ठेवायचा. अर्धी वाटी तरी पाणी निघतं. ते चाखून बघा, कडू लागलं तर टाका, गोड असलं तर नंतर थोडं परत घाला. मीठ सगळ्यात शेवटी, आधी घातलं की परत पाणी सुटतं.

मोहोळची_लेक
काकू, देठाचं अगदी बरोबर! आडवंच ठेवलं होतं आणि देठ बाहेर होता. आणि हो, नळाखाली पण धरलं होतं.

विडी_घरकुल_पोरगा
आमच्या घरात तेलुगू. अम्मा वंकाय पच्चडी करते, ती पण भाजलेल्या वांग्याचीच. पण त्यात चिंचेचा कोळ, हिरव्या मिरच्या पण वांग्याबरोबर भाजलेल्या, जिरं, लसूण, आणि सगळं रोलात जाडसर ठेचलेलं (रोल म्हणजे आमचा दगडी उखळ). वरनं मोहरी, उडीद डाळ, कढीपत्त्याची फोडणी. गरम भातावर घेतो. अम्मा सांगते चिंच घातली की वांग्याचा घशाला खवखवणारा गुण जातो. तेल मात्र ती अजिबात लावत नाही भाजताना.

तुराटी
तेल नको हे माझं पण मत. तेल लावलं की साल तळल्यासारखी होते, भाजल्यासारखी नाही. वास वेगळा येतो.

शेगडीवाली_काकू
मी बोटभर तेल लावते. साल सलग निघती, तुकडे पडत नाहीत. पण धुराचा वास बिनतेलाच्याला जास्त येतो हे मान्य. सालीचे कण चालत असतील तर बिनतेलाचं करा.

केळीच्या_पानावर
माहेर जळगाव, सासर सोलापूर, लग्नाला १९ वर्षं झाली, त्यामुळं मला या धाग्यावर बोलायलाच पाहिजे 🙂 आमच्याकडं भरीत म्हणजे सोहळा असतो. हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी. वांगं जांभळं नाही, फिकट हिरवं, वर पांढऱ्या रेषा, लांबट, बिया अगदी कमी. जळगाव भरीत वांगी म्हणून त्याला भौगोलिक मानांकन पण आहे. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भाजायचं, त्या भराभर पेटतात, ढीग करून त्यात वांगी टाकायची. मग लाकडी बडगीत ठेचायचं, मिक्सर चालतच नाही. मिक्सरमधे गर चिकट होतो, पेस्ट होते, भरताला रेषा रेषा पाहिजेत. तेलात हिरव्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे अख्खे. बरोबर कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या.

सोलापुरात आल्यावर पहिल्या वर्षी सासूबाईंनी भरतात दाण्याचं कूट घातलं तेव्हा मी गप्प बसून खाल्लं. आता मीच घालते.

मंडईतला_रोजचा
कूट पाहिजेच की वहिनी! कुटाशिवाय सोलापुरी घरात भाजीच होत नाही.

तुराटी
नाही पटत. कुटानं वांग्याची चव दबते. भाजीत घाला, आमटीत घाला, भरतात नको. भरीत म्हणजे वांगं, कांदा, मिरची, मीठ, कच्चं तेल. एवढंच.

होटगीरोडची_अक्का
आमच्या घरी कन्नड बोलतात. सुट्ट बदनीकाई म्हणतो आम्ही, म्हणजे भाजलेलं वांगं. घट्ट दही घालून, वर फोडणी. उन्हाळ्यात फार छान लागतं. कुटाच्या भांडणात मी नाही पडणार, पण कूट घालायचंच असेल तर दाणे मंद भाजा, साल काढा आणि जाडसर कुटा. वांग्याचा गर थंड झाल्यावर घाला. गरम असताना घातलं की कूट पाणी पितं आणि सगळा गोळा होतो. दोन वांग्यांना दोन चमचे, जास्त नको.

रानवाट_अक्कलकोट
राम राम. मी शेतकरी माणूस, मोबाईलवर टाईप करतोय, चुकलं तर सांभाळून घ्या. आमच्याकडं मोठी वांगी नाहीत लावत, बांधाकडंला घरापुरती काटेरी वांगी असतात, बारकी. त्याचं भरीत खाल्लंय का कुणी? एक माणूस चार वांगी. चुलीतला जाळ काढून घ्यायचा, आर आणि फुफाटा राहतो त्यात वांगी पुरायची आणि वरनं पण फुफाटा ओढायचा. पंधरा वीस मिंटं ढुंकून बघायचं नाही. काठीनं उकरलं की वांगं मऊ पडलेलं, देठाला धरून उचललं तर देठ हातात येतो आणि वांगं राखेतच राहतं, एवढं शिजतंय. राख फुंकायची, साल काढायची, तिथंच परातीत कांदा बुक्कीनं फोडून घालायचा. मिरची पण त्याच आरावर, लसणाची अख्खी गड्डी पण. लसूण असा भाजला की गोड होतोय, पिळला की गर बाहेर येतो. करडईचं तेल असलं तर बघायलाच नको.

वेळ अमावस्येला शेतात या कधी. भज्जी, आंबील, उंडे. भरताचा आणि त्याचा संबंध नाही पण हिवाळ्यात वावरात बसून खायच्या गोष्टी म्हणून आठवलं.

का_बे_सोलापूर
काका, रात्री साडेअकराला हे वाचलं मी, मेसमधे फ्लॉवर खाऊन आलोय 😭 भज्जीचं वेगळं लिहा की एकदा.

केळीच्या_पानावर
भज्जीसाठी वेगळा धागा काढा, तिथं मी पण लिहीन. माझ्या जावेकडनं शिकलेय.

मंडईतला_रोजचा
रानवाट, करडईचं तेल बोललात ते बरोबर. घाण्याचं मिळालं तर घ्या, कच्चंच वरनं सोडायचं, चमचाभर. शेंगतेल पण चालतं. आणि कांद्याचं पण बघा, आता आपल्या मार्केट यार्डात नवा लाल कांदा यायला लागलाय, तो ओलसर आणि तिखट असतो. भरतात तोच घाला, बारीक चिरून, खायच्या आधी पाच मिनिटं. आधी घालून ठेवला की पाणी सोडतोय आणि वास येतो.

मोहोळची_लेक
नैवेद्याच्या भरतात आमच्याकडं कांद्याची पात लागतेच. चातुर्मासात कांदा-लसूण पण बंद असतो ना, मग आषाढातल्या कांदेनवमीला पोटभर खाऊन घ्यायचं आणि चंपाषष्ठीला परत सुरू. लहानपणी मला तो दिवस दिवाळीपेक्षा मोठा वाटायचा.

भाकरी_फक्त_मालदांडी
विषय भाजण्याचा आहे पण भाकरीबद्दल कुणी बोलेना म्हणून लिहितो. भरीत कडक भाकरीबरोबर खाऊ नका, ती शेंगाचटणी आणि दह्याबरोबर. भरताला गरम, पापुद्रा सुटलेली मऊ भाकरी पाहिजे, मंगळवेढ्याच्या ज्वारीची. पीठ ताजं दळलेलं, आठ दिवसांच्या वर गेलं की भाकरी चिरते.

शेगडीवाली_काकू
चंपाषष्ठीला मात्र बाजरीचा रोडगा. तो जाड थापायचा, तव्यावर दोन्हीकडनं शेकून मग जाळीवर. ताई, वांग्याची जाळी मोकळी झाली की त्यावरच ठेवा.

का_बे_सोलापूर
काकू माझं राहिलं की.

शेगडीवाली_काकू
विसरले नाही रे. लोखंडी तवा आहे का? वांगं उभं मधोमध कापायचं, गरात आडव्या-उभ्या चिरा द्यायच्या, साल फाटू द्यायची नाही. कापलेल्या बाजूला तेल लावून पालथं तव्यावर, वर खोलगट झाकण, मंद आचेवर वीस मिनिटं. खालची बाजू तांबूस-काळी होईस्तोवर उलटू नको. मग उलटून सालीकडनं दहा मिनिटं. चमच्यानं गर खरवडून काढ. धूर नसेल पण करपलेली गोडी येईल. इंडक्शनला स्टीलचं किंवा लोखंडाचंच भांडं लागतं, ॲल्युमिनियमचा तवा चालणार नाही.

ओव्हनवाली
ओव्हन असेल तर २२० डिग्रीवर ४० ते ४५ मिनिटं, मधे एकदा फिरवायचं. पण टोचे मारायला विसरू नका. मी एकदा विसरले होते, आत वाफ कोंडून वांगं फाटलं आणि सगळा ओव्हन पुसत बसले.

तुराटी
धुरासाठी कोळशाचा धुंगार द्या. लाकडी कोळसा गॅसवर लाल होईस्तोवर तापवा, छोट्या वाटीत ठेवून ती वाटी भरताच्या पातेल्यात मधोमध, कोळशावर अर्धा चमचा तेल, लगेच झाकण. तीन-चार मिनिटं पुरे.

ओव्हनवाली
त्यापेक्षा जास्त वेळ ठेवलं की घसा धरतो. आणि मनापासून सांगते, फ्लॅटमधे कोळसा पेटवताना खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत कोळशाची शेगडी तर कधीच नको. त्या धुरातला कार्बन मोनॉक्साईड वासानं कळत नाही, माणूस झोपेतच जातो. एका कोळशाच्या तुकड्यानं काही होत नाही पण हिवाळ्यात लोक शेगडीच आत आणून ठेवतात म्हणून लिहिलं.

रानवाट_अक्कलकोट
धुंगाराची चव वरवरची असती ताई. मटणाला ठीक हाय. वांग्याला सालीचाच धूर बास.

मोहोळची_लेक
मंडळी, काल परत करून बघितलं, सगळं सविस्तर सांगते.

मंडईतनं तीन वांगी आणली, प्रत्येक साधारण ३०० ग्रॅमचं. एक जड लागलं ते बदलून घेतलं, भाजीवाल्या मावशी म्हणाल्या आज लई पारखायलाय की. चिरा देऊन आत बघितलं, सगळी स्वच्छ. दोन बिनतेलाची, एकाला तेल. लहान बर्नर, पापडाची जाळी. मी मोबाईलवर टायमर लावला होता, आई ओट्याजवळ खुर्ची घेऊन बसली. दहाव्या मिनिटाला मी उतरवायला गेले तर म्हणाली, "राहू दे. त्याचा आवाज अजून बदलला नाही."

मला कळलंच नाही. मग नीट कान दिला. आधी नुसती साल तडतडत होती. सोळाव्या मिनिटाच्या आसपास चिरेतनं रस यायला लागला आणि तो जाळावर पडून चुर्र, चुर्र असा बारीक आवाज सुरू झाला, आणि वांगं एका कुशीवर बसलं. "आता देठ धर," म्हणाली. उभं धरून चार मिनिटं. सुरी अशी गेली की हाताला काही लागलंच नाही.

पातेल्यात झाकून दहा मिनिटं. झाकण काढल्यावर जो वास आला, आईनं मानच वर केली. तेलाच्या वांग्याची साल सलग निघाली, बिनतेलाच्याला वेळ लागला पण वास त्यालाच होता, तुराटींचं खरं निघालं. चाळणीत खाली जवळजवळ पाऊण वाटी पाणी. गोड होतं, दोन चमचे परत घातलं. मिरच्या आणि लसणाची गड्डी त्याच जाळीवर भाजली, रानवाट भाऊ, तुमचं ऐकून. लसूण खरंच गोड झाला. ठेचलं खलबत्त्यात. अर्ध्यात अक्कांच्या पद्धतीनं कूट घातलं, अर्धं तसंच. धुंगार दिला नाही.

आईनं बिनकुटाचं घेतलं, दीड भाकरी खाल्ली. मुलांनी कुटाचं संपवलं. चुलीतल्याएवढं झालं का विचारलं तर म्हणाली राखेची चव कुठनं येणार, पण वांगं नीट भाजलंय.

एक अडचण राहिलीय. रस गळून बर्नरची भोकं भरली, आज सकाळी चहाला एकीकडनंच जाळ येत होता. नैवेद्याला पाच वांगी भाजायचीत, ते कसं करू?

शेगडीवाली_काकू
किती बरं वाटलं वाचून! आवाजाचं मला पण कुणी सांगितलं नव्हतं, आता मी पण कान देईन. बर्नरचं झाकण गार झाल्यावर काढून गरम पाण्यात साबण घालून अर्धा तास भिजवा, भोकं सुईनं मोकळी करा, पूर्ण वाळवूनच बसवा. ओलं बसवलं की जाळ पिवळा येतो. आणि चिरा खालपर्यंत देऊ नका, वरच्या अर्ध्यात द्या आणि चिरेची बाजू जाळावर शेवटी आणा. रस आत राहतो.

मंडईतला_रोजचा
चंपाषष्ठीच्या आदल्या दिवशी सकाळी आठच्या आत या मंडईत. त्या दिवशी दुपारनंतर भरताची वांगी निवडायला मिळत नाहीत, उरलेली घ्यावी लागतात.

केळीच्या_पानावर
बाळेच्या खंडोबाला जाणार का नैवेद्य घेऊन?

मोहोळची_लेक
घरच्या टाकाला दाखवून मग बाळ्याला जाणार. आई म्हणतीय पहाटे पाचला पहिलं वांगं जाळीवर ती स्वतः ठेवणार.